दुकान सर्वांचे, मग जाहिरात कोणाची?

कोकणातल्या कोणत्याही नव्या दुकानाच्या उद्घाटनपत्रिकेत ‘सर्वांचे सहर्ष स्वागत’ हे शब्द हमखास असतात. दुकान सुरू झाल्यावर मात्र फलक, पत्रके, भ्रमणध्वनीवर फिरणारी चित्रे आणि दारातली पायरी यांतून हळूहळू एक वेगळीच यादी तयार होते. कोणाला बोलावले आहे, कोणाला गृहीत धरले आहे आणि कोणाचा विचारच झालेला नाही, हे त्या यादीतून कळते. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींतील सर्वसमावेशकतेची चर्चा वर्तमानपत्रांतून नेहमी होते. आंब्याची पेटी विकणारा बागायतदार, कोकम आगळ करणारा बचत गट, चार खोल्यांचे घरगुती निवासस्थान चालवणारे कुटुंब किंवा बाजारपेठेतला कापड दुकानदार यांच्यापुरता हा प्रश्न काय आहे, याचा विचार फारसा होत नाही. रत्नागिरीपुरते बोलायचे तर हा प्रश्न सौजन्याइतकाच पोटापाण्याचाही आहे.

ग्राहक घटतो आहे

सन २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची सुमारे पावणेपाच टक्क्यांनी घटली. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच नोंदवली गेली. मुंबई-पुण्याकडे होणारे स्थलांतर हे याचे उघड कारण. याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. कमावता पुरुष बाहेरगावी आणि घर, शेती, म्हातारी माणसे व मुलांची शाळा सांभाळणारी स्त्री गावी, हे कोकणातले जुने चित्र या आकड्यात उतरले आहे.

धर्म आणि जातीच्या अंगाने पाहिले, तरी हा जिल्हा एकरंगी नाही. दहा टक्क्यांहून अधिक लोकसंख्या मुस्लिम आहे, बौद्ध समाजाची संख्या लक्षणीय आहे. कुणबी, भंडारी, खारवी, गाबित, तेली, मराठा, ब्राह्मण, चर्मकार असे अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आले. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर हिंदू आणि मुस्लिम मच्छीमार एकाच धक्क्यावर मासळी उतरवतात. आंब्याच्या बागांत आणि मच्छीमार नौकांवर राबणाऱ्या नेपाळी कामगारांनाही आता येथील अर्थव्यवस्थेतून वगळता येणार नाही. तेही किराणा घेतात, भ्रमणध्वनी ‘रिचार्ज’ करतात, गावी पैसे पाठवतात.

म्हणजे ज्या बाजारपेठेत ग्राहकांची एकूण संख्याच फारशी वाढत नाही, तेथे धंदा वाढवण्याचे दोनच मार्ग उरतात. एक, जुन्या ग्राहकाला अधिक विकणे आणि दुसरा, आजवर दाराशी न आलेल्या ग्राहकाला आत आणणे. दुसऱ्या मार्गाने जायचे तर तो ग्राहक आजवर का आला नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

या शहराला हा धडा नवा नाही

‘हे दुकान तुमच्यासाठीही आहे’ असे एखाद्या व्यवसायाने उघडपणे सांगणे, ही कल्पना परदेशी जाहिरात संस्थांकडून येथे आली, असा अनेकांचा समज असतो. रत्नागिरीचा इतिहास वेगळे सांगतो. स्थानबद्धतेच्या काळात, १९२४ ते १९३७ या वर्षांत, विनायक दामोदर सावरकरांचे वास्तव्य येथे होते. दानशूर व्यावसायिक भागोजीशेठ कीर यांच्या आर्थिक पाठबळावर १९३१मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. त्यानंतर दोन वर्षांनी, १ मे १९३३ रोजी, शहरात ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू झाले. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील व्यक्तीच्या हातून चहा आणि फराळ मिळे. ज्या काळात चहाच्या दुकानात काही जणांसाठी वेगळी कपबशी ठेवली जात होती, त्या काळात हे साधे काम नव्हते.

कोल्हापुरात याआधीच असा एक प्रयोग झाला होता. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल काढले. सवर्ण ग्राहक तेथे फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह त्या हॉटेलापुढे थांबून चहा घेऊ लागले. महाराजांच्या हातातला तो कप ही आजच्या भाषेत त्या हॉटेलाची सर्वांत प्रभावी जाहिरात होती. नुसता ‘सर्वांना प्रवेश’ असा फलक लावून तो परिणाम साधला नसता.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येते. पाटीला अर्थ आला, तो आतल्या व्यवहारामुळे. चहा कोण देतो, कोणाबरोबर बसून पिता येतो आणि कपबशी एकच आहे की वेगळी, यावर ग्राहकाने त्या पाटीची पारख केली. दुसरी गोष्टही तितकीच खरी. रत्नागिरीच्या उपाहारगृहाच्या नावातच ‘हिंदू’ हा शब्द होता. जातीची भिंत ओलांडणारे ते पाऊल धर्माच्या वर्तुळातच राहिले.

ते वर्तुळ देशाच्या राज्यघटनेने रुंदावले. घटनेच्या १५व्या अनुच्छेदानुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणावरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत मज्जाव करता येत नाही. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ किती व्यापक, असा प्रश्न उपस्थित झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो व्यापक अर्थानेच घ्यायचा असल्याचे स्पष्ट केले. मोबदला घेऊन सेवा देणारा कोणीही, मग तो केशकर्तनालय चालवणारा असो वा धोबी, या शब्दात येतो, असा त्याचा आशय होता. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे. ज्यांच्या पूर्वजांना दुकानाच्या पायरीशी थांबावे लागले, त्या समाजातून आलेल्या माणसाने ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ देशाला समजावून सांगितला.

चित्रात कोण दिसते?

कायद्याने दार उघडले, तरी ग्राहकाला आपण आत जावे असे वाटणे, ही वेगळी गोष्ट आहे आणि तेथेच जाहिरातीचे काम सुरू होते. लहान व्यावसायिकाची जाहिरात बहुधा शहरातल्या एखाद्या डीटीपी केंद्रात तयार होते. संगणकावर आधीच साठवलेली काही चित्रे असतात. गोऱ्या वर्णाचे तरुण जोडपे, दोन मुले, सोफा. किंवा नऊवारी, नथ आणि चंद्रकोर ल्यालेली ‘सुगरण’. किंवा डोईवर टोपली घेतलेली, मुंबईच्या कोळीवाड्यातल्या वेशातली कोळीण. कोकणातल्या मासळीच्या पदार्थांची जाहिरात या कोळणीशिवाय पुरी होत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासेमारीत खारवी, भंडारी, गाबित आणि मुस्लिम समाज मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातल्या स्त्रिया तसा वेश करत नाहीत. म्हणजे ज्यांच्या श्रमावर तो पदार्थ उभा आहे, त्यांना त्यांच्याच मालाच्या वेष्टनावर जागा नाही.

‘घरगुती कोकणी चव’ या शब्दांचेही तसेच आहे. कोणाचे घर? फणसाच्या रसाचे सांदण हिंदू घरांत होते, तसेच सांदण कोकणी मुस्लिम घरांतही मानाने वाढले जाते. कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि सोलकढी या पदार्थांवर कोणत्याही एका समाजाचा मालकी हक्क नाही. ‘कोकणी मेवा’ विकणाऱ्याने वेष्टनावर एकाच प्रकारच्या घराचे चित्र छापले, की उरलेली घरे आपोआप परकी होतात. त्यात दुकानदाराचा द्वेष नसतो. डीटीपी केंद्रात जे चित्र हाताशी होते, ते छापले गेले, इतकेच घडलेले असते. ग्राहकाला मात्र ते कारण दिसत नाही, चित्र तेवढे दिसते.

वर्णाचा प्रश्न याहून जुना आहे. ‘गोरी’ हा शब्द सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत किती वर्षे राज्य करत होता, हे वेगळे सांगायला नको. जाहिरात क्षेत्राचे स्वनियमन करणाऱ्या, १९८५मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४मध्ये सावळ्या वर्णाला हिणवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२०मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ या आपल्या प्रसिद्ध उत्पादनाच्या नावातला ‘फेअर’ शब्दच काढून टाकला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. स्त्री-पुरुषांच्या ठरावीक साच्यातल्या चित्रणाबाबतही परिषदेने २०२२मध्ये सूचना दिल्या. या सूचना म्हणजे कायदा नव्हे. मात्र देशातल्या बड्या कंपन्यांना ज्याची दखल घ्यावी लागली, ते ब्यूटी पार्लरच्या आणि साड्यांच्या दुकानाच्या फलकावर जसेच्या तसे चालू राहावे, याला काही कारण उरत नाही.

शब्द आणि संबोधने

जाहिरातीची भाषा ही चित्राइतकीच बोलकी असते. महाराष्ट्रात २०२२मधील कायदादुरुस्तीनंतर लहान-मोठ्या सर्वच दुकानांवर मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही ठरले. पाटी मराठीत आली, पण आतली मराठी कोणासाठी आहे? ‘शेतकरी बंधूंनो’ अशी हाक देणारे खत-बियाण्यांचे पत्रक पुरुषाला उद्देशून असते. ज्या जिल्ह्यात घरचा पुरुष मुंबईला आणि भातलावणीला बाई, तेथे खताचे पोते प्रत्यक्षात कोण निवडते? ‘शेतकरी बंधू-भगिनींनो’ एवढ्या एका शब्दाच्या वाढीव छपाईला काहीही खर्च येत नाही. उलट, स्वयंपाकाच्या भांड्यांची आणि कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात केवळ ‘गृहिणींनो’ म्हणून करणारा दुकानदार बाजारहाट करणाऱ्या पुरुषाला आणि नोकरी करणाऱ्या बाईला एकाच वेळी वगळतो.

बोलीचा वापर हा नाजूक विषय आहे. संगमेश्वरी बोली, कोकणी मुस्लिमांची बोली, खारव्यांची बोली या सगळ्यांना स्वतःचा गोडवा आहे आणि जाहिरातीत बोली आली की ती कानाला आपली वाटते. मात्र बहुतेक वेळा बोली येते ती विनोदापुरती. शुद्ध मराठी बोलणारा शहाणा आणि बोली बोलणारा गावंढळ, असा तो साचा असतो. तीच बोली दुकानदाराच्या तोंडी, आदराने माहिती देण्यासाठी वापरली, तर परिणाम उलटा होतो.

एखादा रूढ शब्दही कसा खटकू शकतो, याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ‘चाकरमानी’. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईहून गावी येणाऱ्यांसाठी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि ‘चाकरमान्यांसाठी खास सवलत’ असे फलकही सर्रास लागतात. त्यातल्या ‘चाकर’ या अर्थाला काही संघटनांनी हरकत घेतली आणि २०२५च्या गणेशोत्सवापूर्वी सरकारी व्यवहारात ‘कोकणवासीय’ असा उल्लेख करण्याच्या सूचना राज्य सरकारच्या पातळीवरून दिल्या गेल्या. अनेकांना जुना शब्दच जिव्हाळ्याचा वाटतो, हेही खरे. दुकानदाराने यातून घ्यायचा बोध एवढाच, की एखाद्याला काय म्हणून हाक मारायची, हे ठरवताना ती हाक ऐकणाऱ्याला विचारावे.

सणांची यादी

गुढीपाडवा, गणपती, दसरा, दिवाळी या सणांना सवलतीच्या जाहिराती येतात आणि त्यात गैर काही नाही. पण रत्नागिरीच्या बाजाराचे वर्ष याहून मोठे आहे. शिमग्याला पालख्या निघतात, तेव्हा गावोगावी माणसे परततात. रमजानच्या महिन्यात संध्याकाळच्या खरेदीची वेळ बदलते. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीनिमित्त पांढऱ्या कपड्यांची आणि मिठाईची मागणी वाढते. हातिस येथील पीर बाबरशेख यांच्या उरुसाला तर हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांचे भाविक जातात. दुकानाच्या दिनदर्शिकेत हे दिवस नसतील, तर तो चांगुलपणाचा अभाव म्हणण्यापेक्षा धंद्यातले दुर्लक्ष म्हणावे लागेल.

येथे एक खबरदारी हवी. ईदच्या दिवशी चंद्रकोरीचे आणि १४ एप्रिलला निळ्या रंगाचे शुभेच्छाचित्र पाठवायचे आणि वर्षभर त्या ग्राहकाची आठवणही ठेवायची नाही, ही केवळ औपचारिकता झाली. रमजानमध्ये दुकान तासभर उशिरापर्यंत उघडे ठेवणे किंवा जयंतीच्या आठवड्यात हवा तो माल पुरेसा भरून ठेवणे, हे शुभेच्छाचित्राहून अधिक बोलते.

पायरी, अक्षर आणि रंग

समावेशकतेची चर्चा जात, धर्म आणि स्त्री-पुरुष यांपाशीच थांबते आणि अपंग व वृद्ध ग्राहक मागे राहतो. कोकणात पावसाचे पाणी आत येऊ नये, म्हणून दुकानांची जोती उंच असतात. दोन-तीन पायऱ्या चढल्याशिवाय आत जाता येत नाही. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी, गुडघे धरलेल्या आजीसाठी आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईसाठी ती पायरी म्हणजे ‘प्रवेश बंद’ची पाटी असते. उताराचा मान्य हिशेब एकास बारा असा आहे. सहा इंच उंचीच्या पायरीसाठी सहा फूट लांबीचा उतार लागतो. एवढी जागा अनेक दुकानांपुढे नसते, हे वास्तव आहे. तेथे दारावरची घंटा, बाहेर आणून माल दाखवण्याची तयारी आणि तसे स्पष्टपणे लिहिलेली पाटी, एवढे तरी करता येते.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर आलेल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि सरकारीच नव्हे, तर खासगी सेवा देणाऱ्यांवरही सुगम्यतेची जबाबदारी टाकली. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा राहून चालणार नाहीत, असे बजावले. आज ना उद्या हा विषय लहान दुकानापर्यंतही येणार आहे.

जाहिरातीपुरते पाहिले, तर करण्याजोग्या गोष्टी सोप्या आहेत. व्हॉट्सॲपवर पाठवले जाणारे पत्रक हे बहुधा एकच चित्र असते. दर, पत्ता, वेळ सगळे त्या चित्रात. अंध व्यक्तीच्या फोनवरचे वाचक-सॉफ्टवेअर चित्राखाली टंकलेला मजकूर सहज वाचून दाखवते. चित्राच्या आत कोरलेली अक्षरे मात्र बहुधा निसटतात. तोच मजकूर चित्राखाली चार ओळींत टंकित केला, की अडचण संपते. चित्रफितीत बोललेले शब्द खाली अक्षरांत दिले, तर कर्णबधिर ग्राहकाला ते समजतात आणि आवाज बंद ठेवून पाहणाऱ्या इतरांनाही. छापील पत्रकातली अक्षरे मोठी असावीत, हे तर ज्या जिल्ह्यात तरुण बाहेर आणि वडीलधारी घरी आहेत, तेथे सांगण्याचीही गरज पडू नये.

रंगाचेही तसेच. लाल आणि हिरवा यांतला फरक काही जणांना जन्मतःच कळत नाही आणि हा दोष पुरुषांमध्ये अधिक आढळतो. म्हणूनच खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील मांसाहाराची तपकिरी गोल खूण बदलून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२०च्या नियमांत तपकिरी त्रिकोण आणला. शाकाहाराची खूण हिरवा गोलच राहिली. आता रंग न ओळखणाऱ्यालाही आकारावरून फरक कळतो. आंब्याच्या पेटीवर प्रतवारीसाठी लाल-हिरव्या चिकट्या लावणाऱ्या बागायतदाराने त्यासोबत आकडा किंवा अक्षर छापले, तर हेच तत्त्व तेथेही लागू होते.

अटींच्या पाट्या

पर्यटन वाढले तसे गणपतीपुळे, दापोली, गुहागर या भागांत घरगुती निवासस्थाने वाढली आणि त्यांच्याबरोबर ‘फक्त फॅमिलीसाठी’ या पाट्याही. यामागची मालकांची भीती अगदीच निराधार नसते. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या टोळक्यांचा त्रास शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही होतो. परंतु या एका पाटीने एकटी प्रवास करणारी नोकरदार स्त्री, दोन मैत्रिणी, संशोधनासाठी आलेला विद्यार्थी आणि विधुर आजोबा हे सगळेच बाहेर राहतात. ‘आवारात मद्यपान करू नये, रात्री दहानंतर आवाज करू नये’ अशी पाटी लावली, तर ज्याचा त्रास होतो, तोच बाहेर राहतो. अट वर्तनाची असावी, माणसाची असू नये, हा नियम निवासस्थानाला लागू पडतो, तसा खानावळीला आणि भाड्याच्या खोलीलाही.

दुकान कोणाचे आहे, हे ग्राहकाला ठळकपणे कळलेच पाहिजे, असा आग्रह अलीकडे देशात काही ठिकाणी धरला गेला. उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकाचे नाव लावावे, या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते, हे लिहिण्यास सांगता येईल, पण मालकाचे नाव लावण्याची सक्ती करता येणार नाही, असा त्या अंतरिम आदेशाचा आशय होता. लहान व्यावसायिकासाठी ही सीमारेषा उपयोगाची आहे. शाकाहारी की मांसाहारी, हलाल की झटका, कांदा-लसणाशिवाय की सहित, ही पदार्थाची माहिती आहे आणि ती स्पष्टपणे दिली, तर प्रत्येक प्रकारच्या ग्राहकाला निर्धास्तपणे निवड करता येते. माहिती पदार्थाची द्यायची आणि निवड ग्राहकावर सोडायची, यात कोणाचाही अपमान होत नाही.

दिखावा कोणता, खरे काय?

ऑक्टोबर २०२०मध्ये ‘तनिष्क’ या दागिन्यांच्या कंपनीने मुस्लिम सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखवणारी जाहिरात केली. समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक दिली गेली आणि कंपनीने जाहिरात मागे घेतली. एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाची ही गत, तर गल्लीतल्या दुकानदाराने काय करावे, असा प्रश्न त्यावेळी विचारला गेला. त्याला दुसरी बाजूही आहे. ‘ब्रुक बाँड रेड लेबल’ चहाने तृतीयपंथी गायकांच्या ‘सिक्स पॅक बँड’ला पाठबळ दिले आणि २०१६मध्ये कान येथील जाहिरात महोत्सवात त्या मोहिमेला सर्वोच्च सन्मान मिळाला. मोठ्या कंपन्यांच्या हाती पडद्यावरची गोष्ट असते आणि ती कधी डोक्यावर घेतली जाते, कधी पायदळी तुडवली जाते.

लहान दुकानदाराचे बळ वेगळे आहे. तो ग्राहकाला नावाने ओळखतो, त्याच्या घरची सुखदुःखे जाणतो. तीस सेकंदांची गोष्ट सांगण्याची त्याला गरज नसते. गल्ल्यावर कोण बसते, कामाला कोण आहे, उधारीचा नियम सर्वांना सारखा आहे की नाही, पाण्याचा पेला एकच आहे की नाही, हीच त्याची जाहिरात असते. म्हणून त्याच्याबाबतीत दिखावा लवकर उघडा पडतो आणि खरेपणाही तितक्याच लवकर गावभर होतो.

महाराष्ट्रातले याचे सर्वांत मोठे उदाहरण ‘लिज्जत’चे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे हजारो स्त्रिया त्यात आल्या. काम मागायला आलेल्या बाईची जात वा धर्म आड न आणण्याचे आणि लाटणाऱ्या प्रत्येकीला सहमालकीण मानण्याचे धोरण संस्थेने ठेवले. दूरचित्रवाणीवर गाजली ती शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या सशाच्या बाहुलीची जाहिरात. त्यात सामाजिक समतेचा एक शब्दही नव्हता. समावेशकता होती ती पापड लाटणाऱ्या हातांच्या हिशेबात.

जिल्ह्यातल्या बचत गटांनाही हा मार्ग मोकळा आहे. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, नाचणीचे पापड यांच्या वेष्टनावर संग्रहातली ‘सुगरण’ छापण्याऐवजी गटातल्या बायांचेच छायाचित्र छापले, तर ते अधिक विश्वासार्ह ठरेल. त्यासाठी दोन पथ्ये मात्र पाळावीत. ज्यांचे छायाचित्र छापायचे, त्यांची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी. आणि ज्यांचा चेहरा वेष्टनावर आहे, त्यांचा वाटा नफ्यातही असावा. अपंग व्यक्तीचे छायाचित्र केवळ कणव उत्पन्न करण्यासाठी वापरणे, हाही दिखाव्याचाच एक प्रकार आहे. दया आली म्हणून ग्राहक एकदा विकत घेतो. माल चांगला असला, तरच तो दुसऱ्यांदा येतो.

सुरुवात कोठून करावी?

यासाठी सल्लागाराची वा मोठ्या खर्चाची गरज नाही. गेल्या वर्षभरातली स्वतःची सगळी पत्रके आणि चित्रे टेबलावर मांडावीत आणि त्यांत कोण दिसते व कोण दिसत नाही, हे मोजावे. दुकानात येणाऱ्यांची यादी मनात आणून ती गावच्या वस्तीशी ताडून पाहावी. एखाद्या वाडीतून, मोहल्ल्यातून वा बौद्धवाडीतून कोणीच येत नसेल, तर कारण विचारावे. ते दर असेल, वेळ असेल, जुना अनुभव असेल किंवा नुसता संकोच असेल. उत्तर मिळाल्यावर आधी व्यवहार बदलावा आणि मग जाहिरात. पेटीचा दर परवडत नसेल, तर आंबा डझनावर किंवा अर्ध्या डझनावरही मिळतो, हे लिहिणे ही ग्राहक जोडणारी जाहिरातच आहे. नवे पत्रक छापण्याआधी ते वेगवेगळ्या घरांतल्या चार माणसांना दाखवावे, त्यांत एक वयस्क आणि एक तरुणी असावी. आणि कोणी चूक दाखवली, तर वाद न घालता ती पुढच्या छपाईत सुधारावी.

यातून विक्री लगेच किती वाढेल, याचा हमखास आकडा कोणी देऊ शकणार नाही. काही जुने ग्राहक नाकेही मुरडतील. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलालाही सुरुवातीला गिऱ्हाईक नव्हते. पण ज्या जिल्ह्यातली गावे ओस पडत आहेत आणि उरलेली माणसे ऑनलाइन खरेदीकडे वळत आहेत, तेथे घरातल्या घरात बसून माल मागवता येत असतानाही एखाद्याने पायऱ्या उतरून बाजारात यावे, याचे कारण दुकानदाराने त्याला द्यावे लागते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचे दुकान ग्राहकाला जात विचारत नाही, वर्ण पाहत नाही, पायरी चढायला लावत नाही. बाजारपेठेतल्या दुकानाने निदान तेवढे तरी करायला हवे. शिवाय त्याच्याजवळ नावाने हाक मारणारा एक माणूस आहे, जो त्या पडद्याजवळ नाही.